गॉर्डनचा कॅमेरा

मुलांनो, गेल्या जानेवारीत आमच्या शाळेत वर्गाचे फोटो निघाले. फोटोग्राफरकाका आले, बाकं मांडली, उंचीप्रमाणे ओळी लावल्या. सगळे केस चापूनचोपून, हाताची घडी घालून तयार! पहिल्या ओळीत माझ्या वर्गातला एक मुलगा बसला होता. त्याच्या शर्टाची दोन बटणं तुटलेली होती. गुडघ्याशी ठिगळ होतं. काका हळूच म्हणाले, "बाई, ह्याला जरा मागे घ्या ना. फोटो छान येईल."

आणि खरं सांगते, मी त्याला मागे घेतलं.

पंधरा दिवसांनी फोटो हातात आला. सगळे आपापले चेहरे शोधायला लागले. तो मुलगा बराच वेळ फोटोवर बोट फिरवत होता. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, मी कुठाय?" शेवटच्या ओळीत त्याचं नुसतं कपाळ दिसत होतं.

त्या रात्री मला गॉर्डन पार्क्सची फार आठवण झाली. अमेरिकेतला हा एक नामवंत फोटोग्राफर. भारी भारी कपड्यांचे, सुंदर सुंदर मॉडेल्सचे फोटो काढणारा आणि पुढे सिनेमेही करणारा. पण "मी कुठाय?" हाच प्रश्न हा माणूस जन्मभर विचारत राहिला. त्याचीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

पंधरावं शेंडेफळ

गॉर्डनचा जन्म ३० नोव्हेंबर १९१२ चा. गाव फोर्ट स्कॉट, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं. पंधरा भावंडांत हा सगळ्यात धाकटा. घरात अशी गोष्ट सांगत, की जन्मल्यावर बाळ रडलंच नाही. सगळ्यांनी आशा सोडली. पण डॉक्टरांनी बाळाला बर्फाच्या थंडगार पाण्यात बुडवलं आणि त्यानं टाहो फोडला! त्या डॉक्टरांचं आडनाव गॉर्डन. तेच बाळाचं नाव झालं.

वडील शेतात राबायचे. घरी गरिबी होती, पण त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. हे कुटुंब कृष्णवर्णीय होतं. त्या काळी अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी काळ्यांच्या शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, बसायच्या जागा वेगळ्या. आपल्याकडे अस्पृश्यतेमुळे माणसांना पाणवठ्यापासून दूर ठेवत, हे तुम्ही इतिहासात वाचलंच असेल. तसाच हा प्रकार.

गॉर्डन अकरा वर्षांचा असताना तीन गोऱ्या मुलांनी त्याला मार्मटन नदीत ढकलून दिलं. त्याला पोहता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. गॉर्डननं डोकं वर काढलंच नाही. पाण्याखालूनच धडपडत, त्या मुलांच्या नजरेआड राहून त्यानं काठ गाठला आणि जीव वाचवला.

प्राथमिक शाळा फक्त काळ्या मुलांची होती. पुढे हायस्कुलात काळी-गोरी मुलं एकत्र शिकत. पण काळ्या मुलांना शाळेच्या खेळांच्या संघात घेत नसत, समारंभांना बोलावत नसत. आणि एका शिक्षिकेनं तर सांगूनच टाकलं होतं, की तुम्ही कॉलेजात जायच्या भानगडीत पडू नका, आईबापांचे पैसे फुकट जातील. शेवटी हमाली नाहीतर धुणीभांडीच करायची आहेत ना! मी स्वतः शिक्षिका आहे. हे वाक्य मी जेव्हा जेव्हा आठवते, तेव्हा मला लाज वाटते.

गॉर्डनची आई मात्र वेगळ्या मातीची होती. गोऱ्या मुलाला जे जमतं ते तुलाही जमलं पाहिजे, असं ती म्हणायची. 'मी काळा आहे म्हणून जमलं नाही' ही सबब तिच्यापुढे चालायची नाही.

चाकू की कॅमेरा?

गॉर्डन अजून शाळेत असतानाच आई गेली. त्याला दूर सेंट पॉल शहरात लग्न झालेल्या बहिणीकडे पाठवलं. तिथे मेव्हण्याशी खटके उडायला लागले, आणि एका कडाक्याच्या हिवाळ्यात मेव्हण्यानं त्याला घराबाहेर काढलं. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, बाहेर बर्फ, आणि जायला ठिकाण नाही! मग तो रात्रभर ट्रॅममध्ये बसून राहायचा. ट्रॅम एका शहरातून दुसऱ्या शहरात जायची, परत यायची. तिकिटाच्या पैशात तेवढीच ऊब.

एकदा पहाटे पोटात अन्नाचा कण नव्हता. कंडक्टरच्या हातात पैसे दिसले. गॉर्डनच्या खिशात चाकू होता. त्यानं चाकू उघडला. क्षणभर काहीही घडलं असतं. पण त्याच्या तोंडून शब्द आले ते असे, "हा चाकू विकत घ्याल का?" हा प्रसंग त्यानं स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलाय. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ आहे 'हत्यारांची निवड'. अन्याय झाला, भूक लागली, राग आला, तर हातात काय घ्यायचं? चाकू की आणखी काही?

त्यानं पियानो वाजवला, हॉटेलात टेबलं पुसली, बास्केटबॉल खेळला. पुढे रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात तो वेटर झाला. लांब पल्ल्याची गाडी, श्रीमंत प्रवासी. उतरताना ते वाचून झालेली मासिकं तिथेच टाकून जात. गॉर्डन ती गोळा करून वाचायचा. एका मासिकात त्याला काही फोटो दिसले. दुष्काळानं आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांचे. खंगलेले चेहरे, मोडक्या गाड्या, अनवाणी पोरं. सरकारनंच फोटोग्राफर नेमून ते काढून घेतले होते. गॉर्डन ते फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिला. गरिबीविरुद्ध असंही लढता येतं तर!

वयाच्या पंचविशीत, सिएटल शहरातल्या एका गहाणवटीच्या दुकानातून त्यानं एक जुना कॅमेरा विकत घेतला. फोटो कसा काढायचा हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. समुद्रपक्ष्यांचे फोटो काढण्याच्या नादात गडी थेट पाण्यात पडला! पण कॅमेरा सोडला नाही.

एक फोटो वाचला

आता मोबाईलवर फोटो काढला की लगेच दिसतो. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांच्या लहानपणी कॅमेऱ्यात रोल घालावा लागे. रोल संपला की धुवायला द्यायचा, आणि मग कळायचं काय आलं, काय बिघडलं. गॉर्डनचा पहिला रोल धुणाऱ्या दुकानातल्या लोकांनी त्याची पाठ थोपटली. मग काय, हा सरळ सेंट पॉलमधल्या एका उंची कपड्यांच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "तुमच्या कपड्यांचे फोटो मी काढू का?"

मालक नाहीच म्हणत होते. मालकीणबाईंनी संधी दिली. गॉर्डननं दिवे मांडले, मॉडेल उभ्या केल्या, धडाधड फोटो काढले. घरी येऊन बघतो तर काय! एकाच फिल्मवर दोन-दोन फोटो उमटलेले. सगळे वाया! फक्त एक धड निघाला. दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बसला असता. गॉर्डननं तो एकच फोटो भलामोठा केला आणि दुकानाच्या दारात नेऊन लावला. मालकीणबाई फोटोवर खूश झाल्या. बाकीचे कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यानं खरं ते सांगून टाकलं. त्याला पुन्हा सगळे फोटो काढायला मिळाले!

तेच फोटो जगज्जेता मुष्टियोद्धा जो लुईस याच्या पत्नीच्या नजरेस पडले. तिच्या सांगण्यावरून १९४० साली गॉर्डन शिकागोला गेला. तिथे तो श्रीमंत बायकांचे फोटो काढून पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात गरीब वस्त्यांतून कॅमेरा घेऊन हिंडायचा. या वस्त्यांच्या फोटोंवर त्याला महिना २०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. ती घेऊन १९४२ मध्ये तो राजधानी वॉशिंग्टनला पोचला. कुठे? तर ज्या सरकारी खात्याचे फोटो त्यानं रेल्वेत बघितले होते, त्याच खात्यात!

झेंड्यापुढची बाई

खात्याचे प्रमुख होते रॉय स्ट्रायकर. त्यांनी पहिल्याच दिवशी गॉर्डनचा कॅमेरा काढून ठेवायला लावला. म्हणाले, आधी गावात फिरून ये. हॉटेलात जेव, कोट विकत घे, सिनेमा बघ. गॉर्डन गेला. हॉटेलवाल्यानं मागच्या दारानं यायला सांगितलं. दुकानात त्याला कुणी कोट दाखवला नाही. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही. संतापानं लाल होऊन तो परतला.

स्ट्रायकर त्याला म्हणाले ते फार मोलाचं आहे. नुसता एखाद्या गोऱ्या माणसाचा फोटो काढून खाली 'हा दुष्ट आहे' असं लिहून भागत नाही. ज्यांनी हे सोसलंय त्यांच्याशी आधी बोल. ती बघ, समोर फरशी पुसणारी बाई आहे. तिच्यापासून सुरुवात कर.

ती बाई म्हणजे एला वॉटसन. रोज त्याच इमारतीत झाडलोट करायची, पण तिची चौकशी कोण करणार? गॉर्डननं केली. तिनं आपली कहाणी सांगितली. घरची माणसं एकेक करून गेलेली, तुटपुंजा पगार आणि पदरात नातवंडं. मग गॉर्डननं तिला विचारून तिचा फोटो काढला. मागे भिंतीवर अमेरिकेचा भलामोठा झेंडा. पुढे एला, अंगात ठिपक्यांचा साधा झगा, एका हातात झाडू, शेजारी फरशी पुसायचं लांब दांड्याचं फडकं. चेहऱ्यावर हसू नाही, रडूही नाही. ताठ उभी. सगळे समान आहेत असं सांगणारा झेंडा, आणि त्यापुढे ही बाई! एक शब्दही न लिहिता फोटो सगळं बोलून गेला. स्ट्रायकरसुद्धा हबकले. म्हणाले, ह्या फोटोपायी आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील!

पण गॉर्डन तेवढ्यावर थांबला नाही. पुढेही तो एलाच्या घरी जात राहिला. तिचं स्वयंपाकघर, तिची नातवंडं, तिचं चर्च, सगळ्याचे फोटो त्यानं काढले. आज हा जगातल्या गाजलेल्या फोटोंपैकी एक मानला जातो.

आता गॉर्डन मोठा झाला. आपणही त्याला अहोजाहो करू या.

रेशमी कपडे आणि हार्लेमच्या गल्ल्या

फॅशन फोटोग्राफर म्हणजे नव्या तऱ्हेच्या कपड्यांचे फोटो मासिकांसाठी काढणारा. कपडा कसा शिवलाय, अंगावर कसा पडतो, चालताना कसा दिसतो, हे सगळं फोटोत यावं लागतं. एका बड्या कंपनीनं पार्क्स यांना तोंडावर सांगितलं, की आम्ही काळा माणूस नोकरीला ठेवत नाही. पण १९४४ पासून 'व्होग' या प्रसिद्ध मासिकात त्यांचे फोटो यायला लागले. मॉडेलला पुतळ्यासारखं उभं करणं त्यांना आवडत नसे. त्यांच्या फोटोतल्या बायका चालत असतात, वळत असतात, झग्याचा घेर हलत असतो. फोटो स्थिर, पण कपड्यात वारा भरलेला!

१९४८ साली त्यांनी न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीतल्या एका सतरा वर्षांच्या टोळीप्रमुखाबरोबर राहून फोटो काढले. ते 'लाइफ' साप्ताहिकात छापून आले. हे साप्ताहिक तेव्हा लाखो घरांत जायचं. तिथे नोकरी मिळालेले पार्क्स हे पहिले कृष्णवर्णीय फोटोग्राफर. एका आठवड्यात गल्लीतली मारामारी, तर दुसऱ्या आठवड्यात पॅरिसची फॅशन! लोकांना नवल वाटे, की दोन्ही एकाच माणसाला कसं जमतं? मला वाटतं, याचं उत्तर सोपं आहे. पॅरिसच्या मॉडेलकडे ते जितकं निरखून बघत, तितकंच झाडूवाल्या एलाकडे बघत.

१९५० मध्ये ते फोर्ट स्कॉटला परत गेले, आपल्या जुन्या वर्गातल्या मुलांना शोधायला. बहुतेकांनी गाव सोडलं होतं. कुणी शिकागोत, कुणी डेट्रॉईटमध्ये. पार्क्स एकेकाच्या दारात जाऊन पोचले, 'काय चाललंय तुझं?' असं विचारत त्यांनी फोटो काढले. ते फोटो लाइफनं छापलेच नाहीत. पुढे २०१५ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. म्हणजे त्या वर्गाचा 'वर्गफोटो' लोकांनी बघितला, तो तब्बल पासष्ट वर्षांनी!

दाराबाहेरची छोटी

१९५६ साली पार्क्स अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा राज्यात गेले. तिथला त्यांचा एक रंगीत फोटो मला सगळ्यात जास्त आवडतो. मोबील शहर, एक मोठं दुकान. दाराबाहेर एक तरुण बाई फिक्या निळ्या झग्यात उभी आहे, शेजारी पांढऱ्या फ्रॉकमधली छोटी मुलगी. दोघी अशा नटल्यात, जणू व्होगच्या पानावरच्या! आणि त्यांच्या डोक्यावर दिव्यांची पाटी झळकतेय, 'कृष्णवर्णीयांसाठी प्रवेश'. कपड्यांची इस्त्री, उभं राहण्याचा डौल, हे सगळं टिपायला फॅशन फोटोग्राफरचीच नजर हवी. त्या दोघी बिचाऱ्या वाटतच नाहीत. बिचारी वाटते ती पाटी!

पण फोटोची किंमतही मोजावी लागते. त्याच लेखात आलेली एक बाई शिक्षिका होती. फोटो छापून आल्यावर तिची नोकरी गेली, कुटुंबाला गाव सोडावं लागलं. लाइफनं त्यांना पैशांची मदत केली. तरी गाव सुटलं ते सुटलंच.

१९६१ मध्ये ब्राझीलमधल्या रिओ शहरात असंच झालं. तिथल्या एका डोंगरावरच्या झोपडपट्टीत पार्क्स यांना फ्लाव्हियो भेटला. बारा वर्षांचा, दम्यानं पोखरलेला. आई-वडील कामाला, आणि हा धाकट्या भावंडांना सांभाळतोय, रांधतोय, खोकतोय. फोटो छापून आले आणि वाचकांनी सुमारे ३० हजार डॉलर पाठवले! फ्लाव्हियोला अमेरिकेत डेन्व्हरला आणून दोन वर्षं उपचार झाले. त्याचा जीव वाचला. कुटुंबाला नवं घर मिळालं.

गोष्ट इथे संपली असती तर किती छान! पण ब्राझीलमधल्या एका साप्ताहिकाला राग आला. त्यांनी आपला फोटोग्राफर न्यूयॉर्कला पाठवून तिथल्या गरिबीचे फोटो छापले. आणि फ्लाव्हियो? त्याला मायदेशी परतायचं नव्हतं. पुढे मोठेपणीही त्याला अमेरिकेचीच ओढ लागून राहिली. पार्क्स पंधराएक वर्षांनी त्याला भेटायला गेले. त्याच्यावर त्यांनी १९७८ मध्ये पुस्तक लिहिलं. एका मुलाच्या आयुष्यात आपण शिरलो, हे बरं केलं की वाईट, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. आईबाबांनो, हा भाग मुलांबरोबर जरूर बोला. तयार उत्तर माझ्याकडेही नाही.

फोटो चालू लागले

पार्क्स यांनी लहानपणच्या आठवणींवर एक कादंबरी लिहिली होती, 'द लर्निंग ट्री'. १९६९ मध्ये तिचा सिनेमा झाला. लेखक तेच, निर्माते तेच, दिग्दर्शक तेच आणि संगीतकारही तेच! हॉलिवूडच्या मोठ्या कंपनीचा सिनेमा दिग्दर्शित करणारे ते पहिले कृष्णवर्णीय. चित्रीकरण कुठे झालं असेल? फोर्ट स्कॉटला! ज्या गावात त्यांना शाळेच्या संघात घेत नव्हते, तिथे आता त्यांनी 'सुरू!' म्हटलं, की गोरे-काळे सगळे कामाला लागत. १९८९ मध्ये अमेरिकेनं कायमचे जपून ठेवायचे म्हणून पहिले २५ सिनेमे निवडले, त्यात हा एक होता. १९७१ चा त्यांचा 'शाफ्ट' हा गुप्तहेरपट तर तुफान चालला. तो तुम्ही मोठे झाल्यावर बघा.

हायस्कूलही पुरं न झालेल्या या माणसाला पुढे चाळीसहून जास्त विद्यापीठांनी मानद पदव्या दिल्या. त्या हायस्कूलच्या बाईंना हे कळायला हवं होतं! ७ मार्च २००६ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यांचं दफन मात्र फोर्ट स्कॉटला, आईवडिलांच्या शेजारी झालं.

आणि आमच्या वर्गात…

एला वॉटसनचा फोटो मी वर्गात दाखवला. सगळं सांगितलं. आणि वर्गफोटोच्या दिवशी माझं चुकलं, हेही सांगितलं. मग मुलांना म्हटलं, "आपल्या शाळेत रोज दिसणारं, पण एकाही फोटोत नसलेलं कोण आहे?"

पोरं एकसुरात ओरडली, "खिचडीच्या मावशी!"

"त्यांचं नाव काय?"

वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरून एकच हात वर आला. त्याच मुलाचा! मावशी त्याच्या गल्लीत राहतात. त्यांचं नाव, त्यांच्या गुडघ्याचं दुखणं, त्यांची लेक बारावीला आहे, सगळं त्याला माहीत होतं. मी माझा फोन त्याच्या हातात दिला. तो स्वयंपाकाच्या खोलीत गेला आणि लगेच परत आला. फोटो नव्हता काढला. म्हणाला, "बाई, मावशी म्हणतात उद्या काढ. उद्या त्या चांगलं पातळ नेसून येणारेत."

दुसऱ्या दिवशी मावशी हिरवंगार पातळ नेसून, केसात अबोली माळून आल्या. चुलीवरच्या मोठ्या पातेल्याजवळ, हातात डाव घेऊन ताठ उभ्या राहिल्या. तो फोटो आता आमच्या वर्गात लावलाय. खाली मावशींचं पूर्ण नाव आहे, आणि त्याखाली फोटो काढणाऱ्याचं.

नंतर आम्ही वर्गाचाही फोटो पुन्हा काढला. ह्या वेळी कुणाला मागे घेतलं नाही.

करून बघा : तुम्हाला रोज दिसणारं एक माणूस निवडा. दूधवाले काका, रस्ता झाडणाऱ्या ताई, शेजारच्या आजी, कुणीही चालेल. आधी त्यांना नाव विचारा. थोडं बोला. 'फोटो काढू का?' असं विचारा. नाही म्हणाले तर काढू नका. हो म्हणाले तर काढा आणि पहिल्यांदा त्यांनाच दाखवा. मोबाईल नसला तरी बिघडत नाही, चित्र काढा. चार ओळी लिहिल्यात तरी चालेल. मात्र खाली त्यांचं पूर्ण नाव लिहायला विसरू नका!